नाथसागरच्या पक्ष्यांसाठी कोणती लेन्स घ्यावी? (सोसायटीतली चर्चा, नावांच्या जागी फ्लॅट नंबर)

ए-२०३ : नमस्कार. मुलगी आणि मी मागच्या रविवारी जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयावर जाऊन आलो. कॅमेरा निकॉन डी-५६००, त्याच्यासोबत आलेली ७०-३०० मिलिमीटरची लेन्स (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं). पट्टकदंब (डोक्यावर काळे पट्टे असलेले, बदकासारखे मोठे पक्षी) भरपूर होते, पण फोटोत नुसते ठिपके. पोरगी हिरमुसली. १५०-६०० घ्यायचं म्हणायलोय. ताई, तुम्ही सांगा, घेऊ का?

डी-५०१ ताई : घाई नको भाऊ. किती वाजता पोचलात? आणि पक्षी किती लांब होते?

ए-२०३ : पोचेपर्यंत साडेदहा झाले. शंभर मीटर तरी लांब असतील.

डी-५०१ ताई : मग हिशोबच मांडते. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, साडेतेवीस मिलिमीटर रुंद. ३०० वर शंभर मीटर लांबची जवळजवळ ८ मीटर रुंद जागा फ्रेममध्ये येते. पट्टकदंब पाऊण मीटरचा, म्हणजे फ्रेमच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ६०० लावली तर पाचव्या. तोच पक्षी तीस मीटरवर आला तर तुमच्या आत्ताच्या लेन्सवर तिसरा हिस्सा भरतो. अंतर कमी होणं लेन्स बदलण्यापेक्षा जास्त देतं.

आणि साडेदहाला ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबचा पक्षी मग कोणत्याही लेन्सने मऊच येतो, कितीही महाग घ्या. सूर्य उगवायच्या आत काठावर असायला हवं, आणि ऊन आपल्या पाठीवर.

ए-२०३ : पण जवळ जायला गेलं की उडतात. ६०० असली तर लांबूनच निघेल, त्यांना त्रास नाही.

डी-५०१ ताई : हा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. मी स्वतः मोठी लेन्स त्याचसाठी घेतली. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला एका फोटोसाठी उठवायचं, हे माझ्या जिवाला लागतं. चरत असलेला थवा उडवला की त्याचं खाणं मोडतं. फक्त न उठवता जवळ जायचे रस्तेही आहेत. गाडीत बसून राहा, इंजिन बंद करा, काच खाली. पायी माणूस दिसला की उडणारे पक्षी गाडीला तेवढे बुजत नाहीत. खिडकीवर टेकवायला मी ज्वारी भरलेली कापडी पिशवी ठेवते, आईनं शिवून दिलेली. ट्रायपॉडपेक्षा गाडीत तीच बरी.

बी-१०१ काका : लेन्स बदलायचा उपद्व्याप कशाला? माझा निकॉनचा पी-१००० बघा, ३००० पर्यंत जातो. सलीम अली सरोवराच्या काठावरून पार पलीकडचे बगळे टिपतो.

डी-५०१ ताई : काका, तुमच्याच फोटोवरून मला मागं भोवत्या हा शिकारी पक्षी ओळखता आला. ओळख पटवायला तो कॅमेरा छानच. पण ३००० हा आकडा ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबातला आहे, प्रत्यक्षातली लेन्स ५३९ ची. सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. म्हणून सकाळच्या कमी उजेडात फोटोत दाणे येतात. आणि उडता पक्षी त्यात धरणं फार अवघड.

बी-१०१ काका : हे मात्र खरं, उडते कधीच सापडत नाहीत.

ए-२०३ : मग घ्यायचीच झाली तर कोणती?

डी-५०१ ताई : तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीला दोन पर्याय. निकॉनची २००-५००, सगळ्या झूमवर एफ/५.६ (हा आकडा लहान तितका उजेड जास्त), पण वजन २.३ किलो. नाहीतर सिग्मा किंवा टॅमरॉनची १५०-६००, दोन किलोच्या आसपास, ६०० वर एफ/६.३. उजेडातला फरक किरकोळ. खरा प्रश्न वजनाचा. तुमची लेक बारा वर्षांची, तिच्या हातात अर्धा तास राहील का? पक्षी उडाला त्या क्षणी कॅमेरा मांडीवर असेल तर ६०० काय कामाची?

टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारं जादा भिंग, लावून भागवू म्हणाल तर नको. १.४ पटीचा लावला की एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड जातो, एफ/६.३ चं एफ/९ होतं आणि तुमच्या कॅमेऱ्याचा ऑटोफोकस चाचपडतो.

शटरही बघा. उडत्या पक्ष्याला १/२००० सेकंद तरी हवं. लेन्समधलं व्हीआर (व्हायब्रेशन रिडक्शन) तुमचा हात सावरतं, पक्ष्याचे पंख नाही.

सी-३०४ वहिनी : मधेच विचारते. आमच्या बाल्कनीतल्या वेलीवर सूर्यपक्ष्यानं लोंबतं घरटं बांधलंय. मोबाइलनं जवळून काढू का?

डी-५०१ ताई : वहिनी, कृपा करून नको. पानं बाजूला करू नका, फ्लॅश तर नाहीच. आई घरटं सोडून जाऊ शकते, आणि माणसाची वर्दळ बघून कावळाही लक्ष ठेवतो. पडद्याआडून डोळ्यांनी बघा.

सी-३०४ वहिनी : बरं झालं विचारलं. पोरांना दारच बंद ठेवायला सांगते.

ए-२०३ : ताई, जुनी मिळाली तर घेऊ का? एक जण निम्म्या किमतीत द्यायलाय.

डी-५०१ ताई : माझी पहिली मोठी लेन्स जुनीच होती. विकणाऱ्यानं फोटोत स्वच्छ दाखवली, मीही भुलले. घरी आल्यावर टॉर्च मारला तर आत बुरशीचं जाळं. परत घ्यायला तो तयार नव्हता. ते पैसे गेलेच. अंधारात टॉर्च लावून दोन्ही बाजूंनी आरपार बघितल्याशिवाय जुनी लेन्स घेऊ नका.

त्यापेक्षा आधी दोन दिवस भाड्यानं आणा. आणि त्याच्याही आधी एकदा माझ्यासोबत चला, माझी २००-५०० तुमच्या बॉडीला लागते. लेकीला स्वतः धरून बघू द्या. फेब्रुवारी सरला की पट्टकदंब परतायला लागतात, म्हणून या रविवारीच.

ए-२०३ : चालतंय! किती वाजता?

डी-५०१ ताई : पहाटे सव्वापाचला गेटवर. पैठणपर्यंत पन्नासेक किलोमीटर आहे. लेकीला मळकट रंगाचे कपडे घाला, पांढरा शर्ट नको. ७०-३०० पण घ्या, वेडा राघू तारेवर जवळ बसतो, त्याला तीच बरी पडेल.

बी-१०१ काका : मागच्या सीटवर जागा असेल तर मीही येतो. थर्मासमध्ये चहा आणतो.

डी-५०१ ताई : या ना काका. ज्वारीची एक पिशवी तुमच्यासाठीही आणते.