स्नेहसंमेलनात लिंगो, अनान्सी, कोयोटे: कोणती गोष्ट घ्यावी?

कुरखेड्याचा मास्तर:
जानेवारीच्या स्नेहसंमेलनात 40 मिनिटांचं नाटक बसवायचं आहे, दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या, बाजानं. सहावी ते आठवीची 22 मुलं, निम्मी गोंड घरची. तीन गोष्टी मनात आहेत: गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडच्या गुहेतून लिंगोनं मुलं सोडवली ती, घानाच्या अशांती लोकांची, आठ पायांच्या अनान्सी कोळ्याची, आणि अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींची, कोयोटे या कोल्ह्यासारख्या प्राण्याची. व्हिडिओ यूट्यूबवर टाकू. कुणाचं मन दुखू नये. निवड बरोबर आहे का?

सालेकसावाला:
गुरुजी, लिंगो काढून ठेवा. पारी कुपार लिंगो गोंडांचे धर्मगुरू आहेत. माघ पौर्णिमेला कचारगडला लोक दर्शनाला जातात. त्यात पाठही एक नाही. 1866 मध्ये रिचर्ड टेम्पल या इंग्रज अधिकाऱ्यानं छापलेल्या, हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांत गोंडांना गुहेत कोंडणारा महादेव आहे. जत्रेत सांगतात त्या कथेत कली कंकाली या मातेची मुलं, जंगो रायताड, हिरासुका पाटालीर ही पात्रं येतात. कोणता पाठ खरा, हे शाळेच्या स्टेजवर ठरवायची बाब नव्हे.

त्याऐवजी मुलांच्या घरची कोल्ह्या-वाघाची गोष्ट घ्या. दोन वेगळ्या घरच्या म्हाताऱ्यांकडून ऐका, म्हणजे कुठला भाग पक्का आणि कुठला सांगणाऱ्याचा, ते कळतं. मग सरळ विचारा: ही बाहेरच्यांसमोर सांगायची का? कधी सांगत नाहीत? यूट्यूबवर चालेल का? तिन्हीला वेगवेगळी उत्तरं मिळू शकतात. "भूमकाला (गावच्या गोंड पुजाऱ्याला) विचारा" म्हटलं, तर विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एखाद-दोन वाक्यं गोंडीतच ठेवा. माडिया बोलीचे उच्चार वेगळे पडतात, म्हणून तपासणारा माणूस त्याच गावचा हवा. गावाचं नाव निवेदनात घ्या, सांगणाऱ्याचं त्यांनी हो म्हटलं तर.

तुंबा आणि दोर:
अनान्सी घ्या, तो याच कामाचा आहे. सुरुवातीलाच सांगणारा म्हणतो की हे काही खरं नाही. म्हणजे कथा मुळातच खेळाची.

न्यामे या आकाशदेवाकडून गोष्टी विकत घेण्याचा प्रसंग निवडा. किंमत ठरते: अजगर, गांधीलमाशा, बिबट्या आणि म्मोआतिया नावाची वनपरी. चारही दाखवाल तर 40 मिनिटं त्यातच जातील, म्हणून अजगर आणि गांधीलमाशा रंगवा, बाकीचं निवेदनात. अजगराला "तू फांदीएवढा लांब आहेस का" म्हणत फांदीलाच बांधतात. 12 फुटांच्या कापडात तीन मुलं आणि एक शिंदीची फांदी, एवढ्यात होतं. गांधीलमाशांवर पाणी शिंपडून "पाऊस आला, तुंब्यात शिरा" म्हणायचं. तुंबा गावातच मिळेल.

इथे बिघडतं ते आसोमुळे. अजगराची आणि गांधीलमाशांची युक्ती त्याची बायको आसो सांगते. संक्षेप करताना आधी तिलाच उडवतात, मग अनान्सी एकटा हुशार ठरतो आणि कथा वेगळीच होते. शेवटी "म्हणून मुलांनो…" जोडू नका. तो लबाडही आहे आणि लाडकाही, तसाच राहू द्या. तोंडाला काळा रंग आणि गवताचे घागरे अजिबात नकोत. काळा कुडता आणि कापूस भरलेले चार हात पुरेत. कार्यक्रमपत्रिकेत "आफ्रिकन कथा" नाही, "अशांती, घाना" असं लिहा.

कुरखेड्याचा मास्तर:
मोठी मदत झाली. कोयोटे फक्त थंडीत सांगतात असं वाचलं. आमचा कार्यक्रम जानेवारीतच आहे, मग चालेल ना?

सालेकसावाला:
स्टेजवर जानेवारी, यूट्यूबवर बाराही महिने. साप-अस्वलं निजलेली असताना, पहिल्या मेघगर्जनेच्या आधी सांगायच्या त्या गोष्टी. व्हिडिओनं तो नेम जूनमध्येही मोडतो. शिवाय तिथे विचारायला तुमच्याकडे कुणी नाही. सोडा ती. दोन गोष्टींत 40 मिनिटं आरामात भरतात.

तुंबा आणि दोर:
पुस्तकाचंही बघा. लोककथेवर कुणाचा हक्क नाही, पण कुणी केलेल्या अनुवादावर असतो, अनुवादकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं. अशांती कथांचा संग्रह करणारे रॅट्रे 1938 मध्ये गेले, त्यांचा इंग्रजी पाठ मोकळा आहे. आजच्या मराठी बालपुस्तकातले संवाद मात्र तसेच उचलू नका. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शाळेच्या प्रयोगाला सूट देतं, पण प्रेक्षक शाळेचे आणि पालक असतील तरच. यूट्यूब त्यात धरू नका. संवाद मुलांकडूनच लिहून घ्या, दंडारीच्या चालीत ते बसतातही नीट.