अनुभव धागा: ग्रंथपालांनी मिळून केलेलं काहीतरी

मी कोल्हापुरातल्या एका पेठेतल्या वाचनालयातून निवृत्त झालो. ३१ वर्षं देवघेव काउंटर सांभाळला. आपल्या गावाला या बाबतीत मिरवायला पुष्कळ आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. देशातला पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानानं १९४५ ला केला, मद्रासचा १९४८ चा आणि महाराष्ट्राचा तर थेट १९६७ चा. पण मिरवून कपाटाची वाळवी जात नाही. आपण बहुतेक जण एकेकटे असतो. एक खोली, एक किल्ली, आणि कुलूप लावणारा तोच झाडणाराही.

म्हणून हा धागा. एकट्याला जमलं नसतं आणि चार ग्रंथपाल एकत्र आल्यावर जमलं (किंवा तरीही फसलं) असं काही असेल तर लिहा. वाचनाचं महत्त्व वगैरे नको, ते १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणात ऐकतोच आपण.

नदीकाठची

काका, मी करवीर तालुक्यातली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा मी पहिल्यांदा दाखल नोंदवही उचलली. घरचे म्हणाले, दागिने घे. मी म्हटलं, ते घेतलेत, हे राहिलंय. वही गेली तर कुठलं पुस्तक होतं आणि कुठलं नव्हतं हे कुणाच्या बापाला सांगता येणार नव्हतं.

पाणी ओसरल्यावर दार ढकललं तर उघडेना. आत पुस्तकं फुगून कपाटात अशी घट्ट बसली होती की लाकडी फळीच मधोमध फाटलेली. खालचे दोन कप्पे म्हणजे नुसता गाळ. वरची पुस्तकं भिजली नव्हती पण दमट होती, आणि त्यावर हिरवट बुरशी धरलेली. मी सरळ उन्हात मांडायला काढली. तेवढ्यात कागलचे दादा, पन्हाळ्याकडच्या ताई आणि शहरातल्या एका कॉलेजचे ग्रंथपाल सर आले. सर ओरडलेच, "ऊन नको! कागद वाकडा होतो, बांधणी सुटते." मग शाळेची खोली, सहा पंखे, पुस्तकं उभी करून पानं पंख्यासारखी सुटी, आणि दर पंधरा-वीस पानांनी वर्तमानपत्राचा कागद. तो दर दोन-तीन तासांनी बदलायचा. रद्दी मात्र आमच्याकडे कधी कमी नसते! गुळगुळीत कागदाची पुस्तकं तर वीट झाली होती. ती ओढून उघडायची नाहीत हे कळेपर्यंत मी दोन दिवाळी अंकांची वाट लावली होती.

खरी मदत त्याच्या पुढची. सरकारी अनुदान वाचनालयाच्या वर्गावर ठरतं, अ ते ड. आमचं ब वर्गातलं, आणि ब वर्गाला पाच हजारांच्या वर ग्रंथ लागतात. गेलेली नोंदवहीतून बाद केली की आम्ही खाली येणार, म्हणजे अनुदानही खाली. पन्हाळ्याच्या ताईंनी तीन रात्री बसून माझ्याबरोबर बाद ग्रंथांची यादी केली, पंचनाम्याला जोडली. आणि नऊ वाचनालयांनी आपापल्या जादा प्रती काढून दिल्या. त्यात एकाच पाककृतीच्या पुस्तकाच्या सात प्रती आल्या, तो भाग वेगळा.

२०२१ ला पुन्हा पाणी आलं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. आम्ही आमचा आकडा ३७ धरलाय. ३७ झालं की चौघांना फोन आणि पुस्तकं शाळेच्या माडीवर. त्या वर्षी एकही पुस्तक भिजलं नाही.

ड वर्गवाला

ताई, आमच्याकडं पूर येत नाही, पण अनुदान पण तसं येत नाही म्हणा. २०२२ ला ६० टक्के वाढ झाली तेव्हा ड वर्गाचं ३०,००० चं ४८,००० झालं. निम्मं पगारावर. म्हणजे तेव्हा महिन्याला २,०००. गवंड्याच्या हाताखाली गेलो तर चार दिवसात सुटतात. बायको विचारते, तिथं जाता कशाला? मी म्हणतो, पंखा हाय. एवढंच.

मिळून काय केलं म्हणाल तर आमच्या ग्रंथालय प्रमाणपत्र वर्गाच्या बॅचचे अकरा जण अजून धरून आहोत. वार्षिक अहवाल द्यायची वेळ आली की गारगोटीच्या एका मित्राच्या घरी सगळे जमतो. त्याला कॉम्प्युटर येतो, मला हिशोब येतो, एकाला साहेबी मराठी येतं. संध्याकाळपर्यंत अकरा अहवाल तयार. जेवण त्याच्याकडं, मटण आमच्याकडून.

स्पष्ट बोलणारा

रागावू नका कुणी. आम्ही साठ जण एकदा एका मोठ्या कार्यालयासमोर बसलो होतो. निवेदन दिलं, फोटो काढला, बिंदू चौकात भेळ खाल्ली, घरी आलो. पुढच्या वर्षी तेच निवेदन, नुसती तारीख बदलून. तिसऱ्या वर्षी तर तारीखही बदलायची राहिली! मागणी खरीच होती. २०१२ च्या वाचनालयांच्या सरकारी पडताळणीनंतर तेव्हा नवी मान्यता मिळत नव्हती, वर्गवाढ होत नव्हती, याचा राग साठांच्याही पोटात होता. पण कागदावर आमचं रडगाणंच होतं, वाचनालय कुठंच नव्हतं.

मग आमच्या तालुक्यातल्या पाच जणांनी वेगळं धरलं. अभ्यासिकेत कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, याची साधी वही ठेवली. पाचही गावांत एकाच नमुन्याची, चार महिने. त्यातून दिसलं की पोलीस भरतीची पोरं पहाटे धावून आली की साडेसात ते दहा बसतात, आणि आम्ही उघडत होतो नऊला. आधी वेळ बदलली. मग ती वही घेऊन ग्रामसभेला गेलो. एकमेकांच्या गावात, हे महत्त्वाचं. आपल्या गावात ग्रंथपाल बोलला की "बस रे" म्हणतात. शेजारच्या गावचा बोलला की ऐकतात. एका गावात एका पोराची आईच उठली, म्हणाली, घरी लाईट जाते, इथं तरी राहू दे. पाचपैकी तीन ग्रामपंचायतींनी वीजबिल घेतलं. चौथ्या ठिकाणी "बघू" वर थांबलंय. पाचव्यात सरपंच बदलले आणि वहीच हरवली.

चंदगडकडची

आम्ही चार वाचनालयं मिळून पुस्तकांची पेटी फिरवतो. पत्र्याची, चाळीस पुस्तकांची, महिन्याला पुढच्या गावी. ने-आण दूध संस्थेच्या गाडीतून, फुकट. ड्रायव्हरमामांना फक्त शिकारकथा लागतात. एकदा मामा रजेवर होते. बदली ड्रायव्हरनं पेटी कॅनबरोबर थेट शीतकरण केंद्रात उतरवली, दोन दिवस तिथंच. पुस्तकं गारठली पण धड होती.

भांडणं होतात. पहिल्या वर्षी तेरा पुस्तकं कुठल्या गावात गेली यावर दोघी सहा महिने बोलत नव्हत्या. आता झाकणाच्या आतून यादी चिकटवलीय, देणारी आणि घेणारी दोघींच्या सह्या.

कॉलेजवाले सर

वर माझ्या ओरडण्याचा उल्लेख आलाय, माफी असावी. आमच्या विद्यार्थ्यांनी सुट्टीत तीन गावांतल्या वाचनालयांच्या पुस्तकांच्या नोंदी संगणकावर घेतल्या. टंकलेखन सोपं. वाद झाला तो शिरवाडकर आणि कुसुमाग्रज यांवर. एक गाव नाटकं एका नावाखाली ठेवतं, कविता दुसऱ्या. दुसरं गाव सगळं 'क' मध्ये. दोन तास चर्चा झाली. शेवटी नोंदीत दोन्ही नावं ठेवून प्रत्येकाखाली 'दुसरं नावही पाहा' असं लिहिलं, आणि कपाटं जशी होती तशीच राहू दिली. वाचकाच्या पायाला वाट माहीत असते, ती मोडू नये.

धागाकर्ता

पेटीच्या झाकणाची युक्ती मला तीस वर्षांपूर्वी कळायला हवी होती. बरं, कामाचं. आमच्या जुन्या वाचनालयात दोन लोखंडी कपाटं जास्तीची झालीत. एकाचा कप्पा वाकडा आहे. कुणाला हवीत? न्यायची सोय मात्र तुमची.

ड वर्गवाला

मला पायजेत काका. वाकडा चालतंय, ठोकून घेतो. टेम्पो मेव्हण्याचा हाय. शनिवारी किल्ली कुणाकडं असती?