'खजाना विहिरी'तला खजिना नेमका कोणता?

बालाघाटची_लेक
एक शंका आहे. भाच्याच्या शाळेत जिल्ह्याची माहिती लिहून आणायला सांगितलीय, त्यात बीडची खजाना विहीर आली आणि पोरगं मागेच लागलं की मावशी तिथं सोनं पुरलेलं होतं का. मी आपलं लहानपणापासून ऐकलेलं सांगितलं की सरदाराने सगळा खजिना विहिरीच्या बांधकामात घातला म्हणून खजाना विहीर. पण सांगताना माझं मलाच पटेना. म्हणजे पैसे तर प्रत्येक बांधकामात जातात, मग दरवेळी तेच नाव का नाही? खजिना या शब्दाला दुसरा काही अर्थ आहे का?

जुनी_वही
आहे. मूळ अरबी धातू ख-झ-न, अर्थ साठवणे. सोनंनाणं हा त्यातला एक साठा झाला, धान्याचं कोठार, दारूगोळ्याची जागा हे सगळं त्याच धातूतून येतं. मखजन म्हणजे कोठार, आणि युरोपात जाऊन त्याचंच मॅगझिन झालं, बंदुकीचंही आणि वाचायचंही. आपल्याकडे खजिनदार, खजांची असे पैशावाले शब्द जास्त टिकले म्हणून खजिना म्हटलं की आपल्याला मोहराच दिसतात. पण फारसीत जुन्या हमामातल्या गरम पाण्याच्या मोठ्या टाकीला 'खजीना'च म्हणतात. दख्खनच्या सुलतानांच्या दरबारात फारसी चालायची, तेव्हा पाणी साठवायच्या जागेला खजाना म्हणणं त्या लोकांना अजिबात वेगळं वाटलं नसणार.

मस्कतवाला
जुनी_वही म्हणतात ते मी रोज ऐकलंय राव. नऊ वर्षं बिल्डिंग मेंटेनन्समध्ये होतो, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीला तिकडे 'खझान' म्हणतात, आमचा ओमानी सुपरवायझर सकाळी फोनवर पहिलं वाक्य बोलायचा ते खझान भरला का. पहिल्या आठवड्यात मला वाटलं हा माणूस पगाराचं विचारतोय 😄 आणि अजून एक, आपण हौद म्हणतो ना, फारसी-उर्दूवाले हौज म्हणतात, पण अरबाच्या तोंडून ऐकलं तर ते आपल्या हौदाच्याच जवळ जातं. मी तिथं हौद म्हणायचो आणि त्यांना बरोबर कळायचं.

कोथरूडकर
सगळं ठीक, पण धातू सापडला म्हणजे नावाचा उगम सापडला असं होत नाही. दुष्काळी मुलुखात न आटणारी विहीर असेल तर लोक तिला कौतुकाने खजिना म्हणणारच की, त्याला अरबी कशाला यायला पाहिजे? आणि टाकी कुठे नि विहीर कुठे. विहीर म्हणजे साठवण नाही, झरा आहे.

बिंदुसरा
कोथरूडकर, तुम्ही ती विहीर बघितली नाही असं दिसतंय. गावापासून दक्षिणेला पाच-सहा किलोमीटरवर आहे, एकदा या बगायला. ही नेहमीची विहीर न्हाई जिच्यावर मोट बांधायची नि बैल हाकायचे. हिला तीन भुयारं हायेत, दोन भुयारातनं पाणी आत येतं आन तिसऱ्यातनं बाहेर निघून जमिनीखालनंच चालत जातं शेताकडं, खाली बलगुजारच्या भागात भिजवण व्हायचं ते ह्याच पाण्यावर, ना दोर ना बादली ना वीजबिल. आमचे आजोबा म्हणायचे हिचं पाणी 'उपसायचं' नस्तं, 'सोडायचं' असतं. लहानपणी आम्ही उतरून तोंडाशी कान लावून बसायचो, वर ऊन मी म्हणतंय आन आत गारेगार, नुसता खळखळ आवाज. मग सांगा झरा का साठवण?

जुनी_वही
@बिंदुसरा, 'उपसायचं नसतं, सोडायचं असतं' हे एक वाक्य माझ्या सगळ्या पोस्टपेक्षा भारी आहे.

त्यावरूनच पुढे. बिदरला बहमनी काळातलं कारेज आहे, नौबादजवळचं. तंत्र इराणी. उंचावर जमिनीखालचं पाणी गाठायचं, तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा खणत आणायचा, मध्ये मध्ये वरून उभ्या विहिरी पाडायच्या म्हणजे माती काढता येते, हवा मिळते आणि वाटेतल्या लोकांना पाणीही भरता येतं. वरून बघणाऱ्याला ओळीने विहिरी दिसतात पण खरं काम खाली चाललेलं असतं. बीडची विहीर त्याच डोक्यातून आलेली आहे. म्हणजे ती एका यंत्रणेचा मधला भाग झाली, जिथं पाणी गोळा होतं आणि पुढं वाटलं जातं, आणि अशा जागेला खजाना म्हणणं मला तरी सरळ वाटतं.

काळ निजामशाहीचा, मुर्तजा निजामशाहाच्या कारकिर्दीतला, १५८२ च्या सुमाराचा. बांधवून घेणारा बीडचा जहागीरदार सलाबतखान, आणि कारागीर म्हणून राजा भास्कर याचं नाव सांगतात. तंत्र इराणी वळणाचं, पैसा जहागिरीचा, कारागीर इथला, आणि पाणी शेतकऱ्याच्या वाफ्यात. सुलतानी म्हटलं की आपण फक्त लढाया आणि वेढे वाचतो (आणि 'अस्मानी सुलतानी' मध्ये तर ती थेट संकटच असते!)

नगरी_मिसळ
नावावर जाऊ नका हे आम्हा नगरकरांना कुणी शिकवायला नको. डोंगरावर चांदबीबी महाल आहे, सगळं गाव चांदबीबी महाल म्हणतं, सहली जातात, फोटो काढतात, आणि आत कबर आहे ती निजामशाहीचा वजीर सलाबतखान याची. चांदबीबीचा काही संबंध नाही. (सलाबतखान हा किताब आहे बरं का, त्यामुळे हे नाव दिसलं की जरा जपून.) याच वजिराच्या काळात फराहबागेचा महाल १५८३ ला पुरा झाला, चहूकडून पाण्याचा तलाव आणि मधोमध महाल, आता तलाव कोरडा.

आणि शब्दांचंच चाललंय तर आमच्याकडचा 'खापरी नळ' घ्या. भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून चुन्यात पक्के करायचे आणि लांबच्या गावांकडून शहरातल्या हौदांत पाणी आणायचं. खापर हा शब्द आपला अस्सल, नळही आपला, पण ते पाणी ज्यात पडायचं तो हौद अरबी. संभाजीनगरला (तेव्हाचं खडकी, १६१० ला मलिक अंबरने राजधानी केली ते) त्याच कामाला 'नहर' म्हणतात, तो परत अरबी शब्द. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस, त्याने दख्खनच्या खडकाखालून पाणी खेळवलं आणि अजून लोक नहर-ए-अंबरी म्हणतात. तिथं मात्र नाव बरोबर लागलंय.

कोथरूडकर
बरं, टाकी-झरा हा माझा मुद्दा मागे घेतो, तीन भुयारांचं माहीत नव्हतं. तरी दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू असतील असं माझं मत. दरबारी माणसाने साठवण म्हणून खजाना म्हटलं आणि गावकऱ्याने धन म्हणून ऐकलं. मग 'खजिना कुठाय' विचारणाऱ्याला उत्तर द्यायला पैशाची गोष्ट तयार झाली.

मस्कतवाला
हे पटतं. असाच अजून एक, सबील. मोहरमला सरबत-पाणी वाटतात त्या स्टॉलला आपल्याकडेही सबील म्हणतात, मला वाटायचं सबील म्हणजे पाणपोई. अरबीत साधा अर्थ वाट, रस्ता. 'अल्लाहच्या वाटेत' दिलेलं पाणी, त्यातला अल्लाह बोलताना गळाला, वाट उरली आणि वाटेचं पाणी झालं.

बालाघाटची_लेक
सगळ्यांना थँक्यू. भाच्याला फोनवर सांगितलं, सोनं नव्हतं रे, पाण्याचा साठा असा अर्थ आहे. जरा हिरमुसला. मग बिंदुसरांचं तीन भुयारांचं सांगितल्यावर म्हणाला चित्र काढतो, आता दोन निळे बाण आत आणि एक बाहेर असं काढून बसलाय आणि विचारतोय की वरून विहीर गोल काढू का चौकोनी. @बिंदुसरा एखादा फोटो असेल तर टाका ना प्लीज.

बिंदुसरा
गोल काढ म्हणावं. फोटो रविवारी जाऊन काढून टाकतो. आन ते सबीलचं कुणीतरी वेगळ्या धाग्यावर न्या, त्यावर मला लै लिव्हायचंय.