मदत हवी आहे: चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) सुट्टीत बांधकाम साइटवरचं सामान कसं राखायचं? (डिचोली, गोवा)

नमस्कार मंडळी. मी डिचोली भागात छोटी कंत्राटं घेतो. बंगले, एखादी दोनमजली इमारत, चिऱ्यांचं कंपाउंड. सिक्युरिटी एजन्सी परवडण्याइतकं हे काम नाही.

पाऊस सुरू झाल्यापासून एका साइटवरून थोडं थोडं सामान जातंय. आधी काँक्रीट दाबायच्या व्हायब्रेटरची ४० एमएमची नीडल, मग वेल्डिंगची केबल, मग सेंट्रिंगच्या (स्लॅबच्या साच्याच्या) लोखंडी प्लेटा. परवा तर मिक्सरमधलं डिझेल आणि भाड्याच्या जेसीबीची बॅटरी एकाच रात्रीत. जेसीबीवाला आता बॅटरीचे पैसे माझ्याकडे मागतोय, हा वेगळाच ताप.

कुलूप शाबूत आहे. स्टोअरच्या मागच्या पत्र्याचे स्क्रू काढून तो परत नीट बसवून ठेवला होता. काम माहितगाराचंच. पण वायरमन, प्लंबर, टाइल्सवाले, टिपरचे ड्रायव्हर अशी कितीतरी माणसं साइटवर येऊन जातात. गावात लगेच 'तुझे भायले (बाहेरचे) कामगार' म्हणून बोट दाखवतात, ते मला पटत नाही. त्यातले काही जण माझ्याकडे वर्षानुवर्षं आहेत.

आता चवथ आली. लेबर गावी जाणार, वॉचमनही जाणार, मी स्वतः माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) गडबडीत. साइट सुनी. दोडामार्गाचा रस्ता जवळ, एकदा हद्द ओलांडली की महाराष्ट्र. कॅमेरा लावू, जीपीएस बसवू, की पैसे देऊन सुट्टीपुरता माणूस ठेवू? तिन्ही झेपणार नाही. तात्पुरतं वीज कनेक्शन आहे, पण पावसात लाइटीचा भरवसा नाही.

चिरेखाण:
पात्रांव (मालक), आधी चोराला मिळण्यासारखं कमी करा. नीडल, कटर, ब्रेकर, ड्रिल हे सगळं टेंपोत घालून घरी आणा. चवथीत साइटवर त्यांचं काय काम? जेसीबी तर मालकाकडेच परत पाठवा. तसंही एकाच कंपनीच्या बऱ्याच मशीनना एकमेकांच्या चाव्या लागतात, त्यामुळे चावी खिशात आहे म्हणून निश्चिंत राहू नका.
प्लेटांवर वेल्डिंगने आपली अक्षरं उठवा, मागच्या बाजूला नव्हे, कडेच्या अँगलवर. रंग खरवडता येतो, वेल्डिंगचा उठाव घासायला ग्राइंडर लागतो. असला माल घेताना भंगारवालाही दोनदा विचार करतो. आणि पत्र्याचे स्क्रू बदला: आरपार बोल्ट, नट आतून.

वायरमन_साखळी:
सिमवर चालणारा सोलर कॅमेरा मिळतो, माणूस हलला की मोबाइलवर सूचना येते. पण श्रावण-भाद्रपदाच्या ढगात पॅनल पुरेसं चार्ज होत नाही, म्हणून बॅटरी आधी घरी पूर्ण भरा आणि सतत रेकॉर्डिंगऐवजी हालचालीवरच ठेवा. त्याआधी साइटवर उभं राहून सिमची रेंज बघा. शेजारच्या सत्तरी तालुक्याच्या बाजूला तर अर्ध्या जागी रेंजच नाही, तुमच्याकडचं माहीत नाही. कॅमेरा खांबावर उंच, आणि तोंड गेटाकडे नको, स्टोअरच्या मागच्या पत्र्याकडे. चोर तिथूनच आलाय ना!
जीपीएस मिक्सरला लावून फारसा उपयोग नाही. तुमच्या चोराला मिक्सर नकोय.

कागदवाला:
तक्रार दिली का? भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. पाच हजारांच्या आतली पहिलीच चोरी असेल तर तो अदखलपात्र गुन्हा, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. एकट्या नीडलसाठी गेलात तर तेच होईल. बॅटरी, डिझेल, त्या रात्री गेलेलं सगळं बिलांसकट एकाच तक्रारीत लिहा. फुगवू मात्र नका.
विमा घेणार असाल तर यंत्रांसाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी' वेगळा, बांधकाम आणि मालासाठी 'कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क' वेगळा. यादी मोजताना कमी भरलं, एवढ्यावर क्लेम मिळत नाही. कधी गेलं, कसं गेलं हे दाखवावं लागतं. म्हणून मुकादमाच्या वहीत रोज संध्याकाळी आत काय ठेवलं त्याची नोंद सहीनिशी हवी.
बॅटरीचं म्हणाल तर भाड्याच्या चलनामागे काय छापलंय ते वाचा. मशीन साइटवर असताना जबाबदारी कोणाची, ते बहुतेक तिथेच असतं.

मूळ लेखक:
चलन बघितलं, जबाबदारी माझीच निघाली. असो. हत्यारं घरी आणतो, मागच्या पत्र्याला उद्याच बोल्ट मारतो. रेंज साइटवर दोन कांड्या दिसते, म्हणजे कॅमेरा चालेल असं धरतो.
पण प्लेटा घरी मावणार नाहीत. त्या सगळ्या स्लॅबवर चढवून, साखळीने कॉलमच्या सळ्यांना बांधल्या तर चालेल का? खाली उतरवायलाच रात्र जाईल असा माझा हिशेब. कोणी असं केलंय का? साखळी किती जाडीची घ्यावी?