विंटेज टोनची पाचतारी : नेमकं काय मागायचं?

चौथा पडदा :
‘पाच तारांची बेस गिटार हवी, टोन मात्र क्लासिक विंटेज पाहिजे’ हे वाक्य बेस निवडण्याच्या प्रत्येक चर्चेत येतं. मराठीत लिहायला बसलं की ते अडतं. ‘जुना आवाज’ म्हटलं तर बिघडलेला वाटतो, ‘अभिजात नाद’ म्हटलं तर हातात काहीच लागत नाही. ‘विंटेज’ आणि ‘टोन’ला कोणते शब्द घ्यावेत? सगळ्यात खालच्या सुराच्या बी तारेला ‘खर्जाची तार’ म्हणता येईल का? आणि या शब्दांमागे वाद्याचे नेमके कोणते भाग उभे आहेत, तेही सांगा.

मंद्रसप्तक :
व्युत्पत्ती इथे खरंच कामाची आहे. ‘विंटेज’ म्हणजे मुळात द्राक्षांची तोडणी, लॅटिन ‘विन्देमिया’. पुढे अमुक वर्षाच्या तोडणीची वाइन आणि त्याहीपुढे एखाद्या काळातली नावाजलेली वस्तू. म्हणजे या शब्दात ‘जुनं’पेक्षा ‘अमुक सालचं’ हा अर्थ पक्का आहे. म्हणून कोणी विंटेज टोन म्हणालं की लगेच विचारावं, कोणत्या सालचा?

फेंडरची प्रिसिजन बेस 1951ची, पण तिचा म्हणून आज ओळखला जाणारा आवाज 1957मध्ये आलेल्या दुभंगलेल्या पिकअपचा (तारांचं कंपन विजेत बदलणारा चुंबकी भाग) आहे. तो भरीव असतो आणि बाकी वाद्यांच्या गर्दीत हरवत नाही. जॅझ बेस 1960ची, दोन सिंगल कॉइल (प्रत्येकी एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की मधल्या पट्टीतली काही कंपनं एकमेकांना खातात आणि आवाज पोकळसर, स्वच्छ होतो. ब्रिजकडचा (तारा शरीरावर जिथे टेकतात त्या बाजूचा) एकटा उघडला तर नाकातला, गुरगुरणारा येतो. सत्तरच्या दशकात हा पिकअप सुमारे 10 मिमी ब्रिजकडे सरकला, म्हणून ‘साठची जॅझ’ आणि ‘सत्तरची जॅझ’ हे दोन वेगळे आवाज आहेत. म्युझिक मॅनची स्टिंगरे 1976ची, आणि ती जन्मापासून बॅटरीवर चालणारी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह. तिलाही आज विंटेज म्हणतात, तेव्हा ‘विंटेज म्हणजे पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारी)’ हे समीकरण धरून चालू नये.

माझं मत असं की ‘विंटेज’चं भाषांतर करूच नये, त्याच्यापुढे साल आणि घाट लिहावा. ‘साठच्या घाटाची जॅझ’ म्हटलं की अर्थ पूर्ण होतो.

‘टोन’ ग्रीक ‘टोनॉस’वरून आला, अर्थ ताण. आपला ‘तन्’ धातू त्याच कुळातला. तान, तंतू, तंत्री आणि खुद्द ताण हे सगळे त्याचेच. संगीताच्या मराठी पुस्तकांत उच्चनीचता आणि लहानमोठेपणा यांच्या जोडीला ‘नादाची जात’ हा शब्द येतो, तो इथे नेमका बसतो. गिटारवरचा नॉब मात्र टोनच राहू द्यावा.

खुंटी :
‘पाचतारी’ हा शब्द उत्तम आहे, एकतारीच्या वळणाचा. पण तो फक्त संख्या सांगतो. सतार म्हणजे मुळात फारसी ‘सेह-तार’, तीन तारांची. आज तिच्यावर किती तारा असतात ते सगळ्यांना माहीत आहे, नाव तेच राहिलं. बेसमध्येही संख्येवरून फसगत होते. फेंडरने 1965मध्ये पाच तारांची बेस आणली होती, पण तिची पाचवी तार वरची सी होती आणि पडदे (फ्रेट) फक्त 15. आज आपण पाचतारी म्हणतो ती बी-ई-ए-डी-जी अशी, खाली वाढलेली.

इथेच मूळ मागणीतली खरी अडचण आहे. ज्या काळाचा आवाज हवा, त्या काळच्या नावाजलेल्या बेसवर ही बी तार नव्हतीच. तेव्हा ‘विंटेज बी’ची नक्कल करायला अस्सल नमुना नाही. करायचं एवढंच की बी तार ई तारेची सख्खी बहीण वाटली पाहिजे. तपासणी सोपी आहे. बी तारेच्या पाचव्या पडद्यावरचा ई आणि मोकळा ई एकापाठोपाठ वाजवा. सूर तोच, जात किती बदलते ते ऐका. मग बी तारेच्या दहाव्या पडद्यावरचा ए आणि मोकळा ए. पाचव्या पडद्यापाशीच वाद्य बदलल्यासारखं वाटलं तर ती बेस नाकारावी, बाकी कितीही देखणी असो.

‘खर्जाची तार’बद्दल माझा आक्षेप आहे. खर्ज हा षड्जाचाच अपभ्रंश, म्हणजे तो ‘सा’. बी ही ठरलेल्या कंपनसंख्येची पट्टी आहे, 30.87 हर्ट्‌झ. गाण्याचा सा ई असेल तर मोकळी बी तार मंद्र पंचम होते. ‘मंद्र तार’ म्हणा, नाहीतर सरळ ‘बी तार’.

मंद्रसप्तक :
व्युत्पत्तीने बरोबर. पण बोलीत ‘खर्जातला आवाज’ म्हणजे अगदी खालचा आवाज, षड्ज असो वा नसो. वर्णनात ‘खर्ज’ चालावा, तारेचं नाव म्हणून नको.

जवारी :
आवाजाच्या वर्णनासाठी मराठीत जे शब्द आहेत ते या निवडीत फार उपयोगी आहेत, फक्त त्यांची गल्लत होऊ देऊ नये. माझ्या मते चार शब्द वेगळे ठेवावेत.

‘खणखणीत’ म्हणजे नव्या स्टेनलेस स्टीलच्या राउंडवाउंड (गोल तारेचा वेढा असलेल्या) तारांचा आवाज. विंटेज मागणाऱ्याला बहुधा हा नको असतो. ‘गोल’ म्हणजे निकेलच्या राउंडवाउंड तारा थोड्या वाजून मुरल्यावर येतो तो. ‘बोदा’ म्हणजे वरचे स्वरांश (मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूर) कमी, आस (छेडल्यावर नाद टिकण्याचा काळ) आखूड, पण सूर स्पष्ट. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीचा वेढा असलेल्या) तारा आणि ब्रिजपाशी स्पंजाची पट्टी यांतून तो मिळतो. साठच्या दशकातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांचा आवाज हाच. ‘बद्द’ मात्र दोष आहे. तडा गेलेल्या मडक्यासारखा, ज्यात सूरच ओळखू येत नाही. पाचतारीवर बोदा आवाज करायला जावं आणि बी तार बद्द व्हावी, हे सर्रास घडतं.

कारण असं. बी तारेचा मूळ स्वर 31 हर्ट्‌झच्या आसपास. बहुतेक स्पीकर तिथे पोचेपर्यंत ढेपाळलेले असतात. कानाला सूर कळतो तो 62 आणि 93 हर्ट्‌झच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या स्वरांशांवरून. फ्लॅटवाउंड, स्पंज आणि टोन नॉब पूर्ण बंद, हे तिन्ही एकदम केलं की वरचे स्वरांशही विरतात आणि नुसता धक्का उरतो.

उपाय : स्पंजाची पट्टी 10 ते 15 मिमी रुंद घ्या. पाचही तारांखाली सारख्या उंचीची लावली तर जाड बी तार त्यात सगळ्यात खोल रुतते, म्हणून बी खालचा भाग 2-3 मिमी कमी करा. पट्टी तारेला वर ढकलत असेल तर सूर चढतो. नुसता स्पर्श पुरे.

चौथा पडदा :
‘बोदा’ आणि ‘बद्द’ हा फरक फार आवडला. सतारीची ‘घोडी’ बेसच्या ब्रिजला वापरावी का?

जवारी :
शब्द म्हणून सुंदर, पण काम अगदी उलटं. तंबोऱ्याच्या, सतारीच्या घोडीचा माथा रुंद असतो. तार त्याला घासत कंप पावते आणि जवारी, म्हणजे झणझणता भरदार नाद, खुलते. बेसच्या सॅडलवर (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) तारेचं कंपन एका नेमक्या बिंदूवर थांबलं पाहिजे. जाड बी तार तिथे कमानीसारखी वळली तर तिची वाजती लांबी ठरत नाही, सूर डळमळतो आणि जवारीसारखी झणझण येते, जी इथे दोष आहे. नवी तार चढवल्यावर सॅडलच्या लगेच पुढे बोटाने हलकेच खाली दाबून तिला कोपरा द्यावा. नटच्या (दांडीच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) पुढेही तसंच. काही बी तारा सॅडलवर बसण्याच्या जागी मुद्दाम बारीक केलेल्या असतात. त्या नेमक्या वळतात.

म्हणून ब्रिज, सॅडल, नट हेच ठेवावेत. पडदा आणि खुंटी मात्र बिनदिक्कत वापरा, तिथे अर्थ तोच आहे.

खुंटी :
आता लांबी आणि ताण, कारण ‘टोन’चं मूळच ताण आहे. जुन्या घाटाची लांबी 34 इंच, म्हणजे 863.6 मिमी. पाचतारीत 35 इंचीही मिळते. तीच तार त्याच सुरात 35 इंचांवर लावली तर ताण सुमारे 6 टक्के वाढतो, कारण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात आहे. बी तार आवरली जाते, पण वरच्या डी आणि जी तारा थोड्या कडक, टणक वाटू लागतात. विंटेजची मऊ गोलाई हवी असेल तर मी 34 इंच आणि घट्ट बसवलेली दांडी पसंत करेन, आणि बी तार 125ऐवजी 130 किंवा 135ची (जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) घेईन. 35 इंची घेतलीच, तर तारांचा संच त्या लांबीचा आहे ना ते बघा. तार शरीरातून आरपार ओवायची असेल तर आणखी लांब लागते. फ्लॅटवाउंड तारा शक्यतो आरपार ओवू नयेत, तीव्र कोनात वळल्या की पट्टीचा वेढा तडकू शकतो.

तार कापण्याआधी कापायच्या जागेच्या अलीकडे काटकोनात वाकवा. न वाकवता कापली तर वेढा आतून सैल होऊ शकतो आणि तार कायमची बद्द होऊ शकते.

मंद्रसप्तक :
विजेच्या बाजूने : पॅसिव्ह जुन्या घाटात 250 किलोओहमचे पॉट (नॉबखालचे बदलते रोध) आणि टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. 500चे पॉट लावले की वरची चमक वाढते आणि ‘गोल’ आवाज निसटतो. अल्निको 5 चुंबकं जुन्या जातीची, पण ती तारेच्या फार जवळ आणली तर तार ओढतात आणि सूर लाटेसारखा हलतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून पिकअप आणि बी तार यांत 3 ते 3.5 मिमी, पिकअप आणि जी तार यांत 2.5 मिमी अंतरापासून सुरुवात करावी.

पाचतारी प्रिसिजनमध्ये पिकअपचे दोन तुकडे पाच तारांवर कसे वाटलेत ते ऐकून बघा. सांध्यावरच्या तारेचा आवाज दबू शकतो. काही निर्माते तुकडे उलटे बसवतात, खालच्या तारांचा ब्रिजकडे. त्याने बी तार नेटकी होते, मात्र डी आणि जीचा ओळखीचा आवाज बदलतो. माझ्या कानाला ही तडजोड पाचतारीवर योग्य वाटते.

अ‍ॅक्टिव्ह बेस घेत असाल तर पॅसिव्ह स्विच आहे का, एवढ्यावर थांबू नका. त्या स्थितीत टोन नॉब चालू राहतो का ते विचारा. बऱ्याच बेसमध्ये तो चालत नाही, मग स्विचचा उपयोग बॅटरी संपल्यावरच.

चौथा पडदा :
आणि हे सगळं जमवून आवाज नवाच वाटला तर कुठून सुरुवात करावी?

जवारी :
तारांपासून. लाकूड, लॅकर, पॉट यांच्यापेक्षा तारा आवाज जास्त बदलतात आणि त्या परत काढता येतात. राउंडवाउंड काढून फ्लॅटवाउंड लावल्या की बहुधा ताण वाढतो आणि दांडी पुढे झुकते. पहिल्या पडद्यावर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा पडदा दाबा, सातव्या-आठव्या पडद्यापाशी फट 0.3 मिमीच्या आसपास हवी. जास्त असेल तर ट्रस रॉड (दांडीतली ताण देणारी सळई) पाव फेरा आवळा, तारा पुन्हा सुरात आणा, मग मोजा. 17व्या पडद्यावर जी तारेची उंची 2 मिमी आणि बीची 2.5 मिमी. बी तार नटच्या खाचेत अडकत असेल तर सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येतो. खाच फक्त रुंद करून घ्या, खोल नको.

खुंटी :
आणि टोन नॉब पूर्ण बंद करू नका. अर्ध्यावर ठेवून पाचव्या पडद्याची तपासणी पुन्हा करा. बी आणि ई जिथे एकजातीचे ऐकू येतील, तिथे नॉब थांबवा.