गोल्फ कार्टचा ड्राइव्ह बेल्ट नक्की कधी बदलायचा? (तातडीने मदत हवी आहे)

वेंधळी_वेणू:
कार्ट निघताना कचकन धक्का देते, चढावर दम टाकते आणि मध्येच चींऽऽ असा आवाज येतो. दुकानवाल्याने दुरूनच बघून सांगितलं, "ड्राइव्ह बेल्ट गेला, सोबत दोन्ही क्लच बदला." आकडा ऐकून मी परत आले. बेल्ट खरंच गेलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि साधारण किती वर्षांनी बदलतात? शनिवारी सासू-सासरे येताहेत, त्याआधी कार्ट चालती हवी. "मेकॅनिकला दाखवा" हे उत्तर नको, दाखवून झालंय.

बारातेरा_पाना:
कंपनी? वर्ष? पेट्रोल की बॅटरी? चींऽऽ आवाज पेडल दाबताक्षणी येतो की चालताना?

सदाशिवपेठी_स्कूटर:
भाऊ, यात एवढं विचारण्यासारखं काही नाही. माझी अ‍ॅक्टिव्हा आहे, वीस-बावीस हजार किलोमीटरला मी बेल्ट आणि रोलर दोन्ही एकदम बदलून टाकतो. बेल्ट तुटायची वाट बघायची नसते. तुमचे किती झाले?

घाटमाथा:
गोल्फ खेळता म्हणजे मोठी माणसं तुम्ही! आमच्याकडे माथेरानला साध्या ई-रिक्षासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. २०२२च्या डिसेंबरात कुठे त्या सुरू झाल्या, त्याही प्रायोगिक म्हणून. तोवर माणसंच माणसांना ओढत होती.

वेंधळी_वेणू:
भाऊ नाही, ताई. गोल्फही खेळत नाही. अटलांटाजवळ पीचट्री सिटीत राहते, इथे शंभर मैलांच्या आसपास कार्टचे वेगळे रस्ते आहेत. किराणा, लायब्ररी, मुलांची शाळा, सगळं कार्टनेच. पेट्रोलचीच आहे, नाहीतर बेल्टचं कशाला विचारलं असतं! यामाहा, जुनी घेतलेली. किलोमीटर कुठून सांगू, मीटरच नाहीये.

बारातेरा_पाना:
ताई, बॅटरीच्या कार्टवालेही बेल्ट विचारत येतात, म्हणून विचारलं. त्यांच्यात मोटर थेट मागच्या अ‍ॅक्सलच्या गिअरला जोडलेली असते, बेल्ट नसतोच.

पेट्रोलच्या कार्टमध्ये दोन बेल्ट असतात आणि तुमच्या दुकानवाल्याने दोघांची खिचडी केलेली दिसते. पेडल सोडलं की इंजिन बंद आणि दाबलं की चालू, बरोबर? ते चालू करणारा स्टार्टर-जनरेटर एका बारीक बेल्टवर असतो. तो सैल पडला की पेडल दाबताक्षणी चिरकतो. तो बहुतेक वेळा नुसता ताणून भागतं, बोल्ट ढिला करून जनरेटर मागे ओढायचा. बॅटरीही तोच चार्ज करतो, त्यामुळे सैल बेल्टवर बॅटरी उतरत राहते.

ड्राइव्ह बेल्ट म्हणजे तो रुंद, दातेरी. इंजिनवरच्या क्लचमधून मागच्या क्लचला फिरवतो. त्याला ताण देण्याची सोयच नसते, झिजला की बदलायचा. त्याची लक्षणं वेगळी: इंजिन ओरडतंय पण गाडी उचलत नाही, निघताना थरथर, जळक्या रबराचा वास, क्लचच्या आजूबाजूला काळी भुकटी.

"किती वर्षांनी" याला माझ्याकडे उत्तर नाही. सपाट रस्त्यावर दोघं फिरणारी कार्ट आणि रोज चढावर सहा जणांना ओढणारी कार्ट यांचा बेल्ट सारखा कसा झिजेल? वर्षातून एकदा सीट उचलून नीट बघायचं.

टॉर्कमामा:
एवढं पुराण कशाला? बेल्ट ड्रेसिंगचा स्प्रे मिळतो, फुस्स करून मारा, आवाज बंद. आमच्या पिठाच्या गिरणीला वर्षानुवर्षं तेच करतो.

बारातेरा_पाना:
मामा, गिरणीचा पट्टा एकाच जागी फिरतो. इथे बेल्ट क्लचच्या दोन तबकड्यांमध्ये सतत वरखाली सरकला पाहिजे, त्यावरच गाडीचा वेग बदलतो. चिकट काही मारलं की सरकणंच बंद. तेल, ग्रीस, डब्ल्यूडी-४०, काहीही नको. तबकड्या ब्रेक क्लीनरने पुसायच्या आणि कोरड्या ठेवायच्या.

टॉर्कमामा:
पुस्तकी ज्ञान. चालू द्या.

जुनं_ते_सोनं:
या रचनेचा इतिहास रंजक आहे. पट्ट्यावर चालणारी गिअरविरहित मोटार डाफ या डच कंपनीने १९५८ साली आणली. ती मागेही पुढच्याइतक्याच वेगाने पळायची, म्हणून तिकडे पुढे उलट्या गाड्यांच्या शर्यती भरू लागल्या! आपल्याकडे हे तंत्र १९८४ साली कायनेटिक होंडाने घरोघरी नेलं. किक मारायची नाही, बटण दाबायचं, याचंच तेव्हा कोण अप्रूप.

सदाशिवपेठी_स्कूटर:
कायनेटिक होंडा! माझ्या काकांकडे होती. अ‍ॅव्हरेजच्या नावाने बोंब, पण आरामदायी.

वेंधळी_वेणू:
कायनेटिक होंडासाठी वेगळा धागा काढा ना.
@पाना, चींऽऽ पेडल दाबतानाच येतो. चालायला लागली की बंद. पण धक्का आहेच, आणि चढावर इंजिन नुसतं ओरडतं. दोन्ही बेल्ट खराब असू शकतात का? फोटो टाकलाय.

बारातेरा_पाना:
असू शकतात. फोटोत मागचं टायर मूळचं दिसत नाही. मोठे बसवलेत का?

वेंधळी_वेणू:
हो, उंच करून घेतलीय आणि मागे तोंड असलेली सीटही लावलीय. त्याचा बेल्टशी काय संबंध?

बारातेरा_पाना:
आहे तर! टायर मोठं म्हणजे गाडी जागची हलवायला बेल्टवर जास्त जोर. त्यात मागे दोन माणसं. मूळच्या टायरवर टिकला असता तितका हा टिकणार नाही.

आता एक करा. किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, चाकांना अडण लावा. हे गमतीत घेऊ नका, चुकून पेडल दाबलं गेलं तर इंजिन फिरतं आणि बोटं तिथेच असतात. मग मागच्या क्लचवर बेल्ट कुठे बसलाय ते बघा. गाडी थांबलेली असताना चांगला बेल्ट तबकड्यांच्या कडेला जवळपास समपातळीत दिसतो. आत बुडालेला असेल तर तो बारीक झालाय. मग हातांनी तबकड्या फाकवून सैल करा आणि क्लच फिरवत फिरवत बेल्ट वरून उतरवा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा नाही, तबकडीला ओरखडा पडला की तो नवा बेल्टही खातो.

फ्लोरिडाकर:
मुलं चालवतात का हो ताई? आमच्याकडे ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदललाय. अठराच्या आतल्यांना लर्नर परमिट किंवा लायसन्स लागतं. पकडलं तर उगाच त्रास.

वेंधळी_वेणू:
मी जॉर्जियात आहे आणि प्रश्न बेल्टचा आहे.

सदाशिवपेठी_स्कूटर:
ताई, चिडू नका, सगळे मदतच करताहेत. मी अजूनही म्हणतो, उघडलंच आहे तर रोलरही बदला.

बारातेरा_पाना:
पेठेतले साहेब, तुमच्या अ‍ॅक्टिव्हातला रोलरसेट आणि कार्टचा क्लच एक नाही. क्लच उगाच उघडायचा नसतो, त्यासाठी खास पुलर लागतो. आत-बाहेर मोकळा सरकत असेल आणि तबकड्यांना खाचा नसतील तर हातही लावायची गरज नाही. दुकानवाल्याचा आकडा बहुधा तिथेच फुगलाय.

वेंधळी_वेणू:
काढला बेल्ट. तबकडीत बराच बुडालेला होता. दोन्ही बाजू काचेसारख्या चकचकीत आणि एके ठिकाणी भाजल्यासारखा खळगा आहे. बाकी दात शाबूत. बारीक बेल्ट बोटाने दाबला तर लोंबतोय. तेल कुठे दिसलं नाही.

बारातेरा_पाना:
खळगा म्हणजे कार्ट कुठेतरी अडकली होती, चाकं जाम आणि कोणीतरी पेडल दाबत राहिलं. पुढचा क्लच एकाच जागी फिरत राहतो आणि बेल्ट तिथेच भाजतो. निघताना कचकन होतं ते त्याचंच. बाजू चकचकीत झाल्या म्हणून चढावर घसरतो. ड्राइव्ह बेल्ट बदला, दुकानवाला तेवढ्यापुरता बरोबर होता. बारीक बेल्ट ताणून बघा, भेगा असतील तरच नवा.

वेंधळी_वेणू:
चिखलात अडकवली होती चिरंजीवांनी, आता कळलं "काही नाही झालं" म्हणजे काय ते. बेल्ट कंपनीचाच घेऊ का? ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतोय.

टॉर्कमामा:
निम्म्या किमतीतलाच घ्या. सगळे एकाच कारखान्यातून येतात.

बारातेरा_पाना:
मी कंपनीचाच घेईन. स्वस्तातला थोडा जरी अरुंद निघाला तरी पहिल्या दिवसापासून झिजलेल्या बेल्टसारखा वागतो. सीरियल नंबर बघून मागवा, यामाहाच्याच वेगवेगळ्या मॉडेलांमध्ये गल्लत होते. बसवण्याआधी तबकड्या पुसा. सुरुवातीला काही दिवस हळू चालवा, एकदम जोरात पेडल नको, मागच्या सीटवर गर्दी नको.

वेंधळी_वेणू:
मागवला, शुक्रवारी येतोय. सासू-सासऱ्यांना पुढे बसवते, चिरंजीव चालत येतील.

नवा_सभासद:
ताई, सगळं वाचलं नाही, पण एकदा बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकून बघा.