अ‍ॅसराम आणि आयरिस-टी यांच्या रचनेत इतका फरक का?

प्रश्न : दोन्ही क्षेपणास्त्रे जवळच्या हवाई लढाईसाठी आहेत आणि वजनही ८८ किलोच्या आसपास आहे, मग ब्रिटिशांच्या अ‍ॅसराममध्ये जर्मनांच्या आयरिस-टीसारखी थ्रस्ट व्हेक्टरिंगची (मोटरचा झोत वळवून क्षेपणास्त्र वळवण्याची) सोय का नाही?

उत्तर १ : १९९० च्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीची मिग-२९ विमाने सोव्हिएत आर-७३ क्षेपणास्त्रांसह जर्मन हवाई दलाकडे आली. हेल्मेटमधून नेम धरताच बाजूच्या लक्ष्याकडे झटकन वळणारे ते अस्त्र पाहून जर्मनांनी चपळाईला पसंती दिली. ब्रिटिशांनी वेग आणि पल्ला निवडला : व्यास आयरिस-टीच्या १२७ ऐवजी १६६ मिलिमीटर, म्हणजे मोटर मोठी, आणि वळण केवळ शेपटीकडील पंखांनी.

उत्तर २ : थोडी भर घालतो. झोत वळवण्यासाठी त्यात बसवलेल्या पात्यांमुळे काही जोर वाया जातो, आणि मोटर विझली की, म्हणजे काही सेकंदांतच, त्यांचा उपयोग संपतो. पुढे वळायला उरलेला वेगच कामी येतो. लांबून डागायचे असेल, तर मला ब्रिटिशांचे गणित पटते.

उत्तर ३ : आपल्या हवाई दलाच्या जॅग्वारवर अ‍ॅसराम पंखाच्या वरच्या बाजूला बसवतात. हे विमान मुळात जमिनीवरील माऱ्याचे, गिरक्या घेत लढण्यात कच्चे. त्यामुळे त्याने आधी आणि लांबून मारा करणेच सोयीचे.